मोटारीच्या हेडलॅम्पमधील विद्युत दोषाचे निदान : व्होल्टेज ड्रॉपची पद्धत

या पाठात आपण मोटारीच्या हेडलॅम्पचे सर्किट समजून घेणार आहोत आणि त्यातला दोष मोजमाप करून कसा शोधायचा ते पाहणार आहोत. ओहमचा नियम आणि एकसर व समांतर जोडणी एवढे तुम्हाला येत असेल तर हा पाठ समजायला अडचण येणार नाही. शाळेत ज्याला विभवांतर आणि विद्युतधारा म्हणतात त्याला वर्कशॉपमध्ये व्होल्टेज आणि करंट म्हणतात. इथेही तेच शब्द वापरले आहेत.

पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात :
१. लक्षणावरून दोष सर्किटच्या कोणत्या भागात आहे याचा अंदाज बांधणे.
२. दिवा चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजणे आणि दोषाची नेमकी जागा काढणे.
३. बल्ब काढून घेतलेले रीडिंग का फसवते, याचे कारण सांगणे.

हा विषय परीक्षेपुरता नाही. रात्री ज्या मोटारीचा एकच हेडलॅम्प पेटतो, ती समोरून येणाऱ्याला दुचाकी वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. मंद दिव्याचा धोका वेगळा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. रस्त्यावरचा खड्डा किंवा माणूस एक सेकंद उशिरा दिसला, तर ब्रेक लावायला तेवढे १७ मीटर कमी मिळतात.

१. सर्किटची ओळख

आपल्याकडच्या अनेक गाड्यांत एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. त्यावर १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट असे लिहिलेले असते. एकाच काचेत दोन फिलॅमेंट असतात : ६० वॅटचे अपरसाठी आणि ५५ वॅटचे डिपरसाठी. पिना तीन, त्यांतली एक दोन्ही फिलॅमेंटना सामाईक.

डिपरचा हिशेब करू. करंट म्हणजे ५५ भागिले १२, सुमारे ४.६ अँपिअर. तापलेल्या फिलॅमेंटचा रोध म्हणजे १२ भागिले ४.६, सुमारे २.६ ओहम. हा आकडा लक्षात ठेवा. ज्या सर्किटमध्ये मुख्य भारच अडीच ओहमचा आहे, तिथे अर्धा ओहम कुठेतरी जास्तीचा आला तर तो क्षुल्लक राहत नाही. थंड फिलॅमेंटचा रोध मात्र याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच असतो. त्यामुळे मल्टिमीटरने बल्बचा रोध मोजून ‘शॉर्ट आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

करंटचा मार्ग साधारण असा असतो : बॅटरीचे धन टोक, फ्यूज, रिलेचे काँटॅक्ट, वायर, कपलर, बल्ब, अर्थची वायर, गाडीची बॉडी आणि शेवटी बॅटरीचे ऋण टोक. फ्यूज रिलेच्या आधी आहे की नंतर, डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज आहेत की एकच, हे गाडीनुसार बदलते. म्हणून त्या गाडीचा वायरिंग डायग्राम जवळ ठेवा.

रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे दिसतात. हे क्रमांक डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले आहेत. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके, ३० वर बॅटरीचा सप्लाय आणि ८७ मधून दिव्याकडे करंट. स्विच फक्त कॉइलचा छोटा करंट जोडतो, दिव्याचा मोठा करंट काँटॅक्टमधून जातो. म्हणूनच रिलेचा ‘टिक’ आवाज आला तर कॉइल चालू आहे एवढेच कळते. काँटॅक्ट जळालेले असले तरी आवाज तसाच येतो.

२. लक्षणावरून पहिला अंदाज

मीटर हातात घेण्याआधी दोन्ही बाजूंचे अपर आणि डिपर लावून पाहा. चार फिलॅमेंटपैकी कोणती पेटतात आणि कशी, यावरून तपासाचे क्षेत्र लगेच लहान होते.

• दोन्ही दिवे, दोन्ही बीम बंद : दोष सामाईक भागात. मुख्य फ्यूज, रिले, स्विच किंवा सामाईक अर्थ तपासा.
• फक्त डिपर दोन्हीकडे बंद : डिपरचा रिले किंवा डिमर स्विच. पण त्याआधी दोन्ही बल्ब पाहा. एका बाजूचे फिलॅमेंट आधीच गेलेले असते, ते लक्षात येत नाही आणि दुसरे गेल्यावर ‘दोन्ही एकदम बंद पडले’ असे वाटते.
• एका दिव्याचा एकच बीम बंद : बल्बचे फिलॅमेंट किंवा त्या बाजूचा फ्यूज.
• एका दिव्याचे दोन्ही बीम बंद किंवा मंद : त्या बाजूचा कपलर किंवा अर्थ.
• दोन्ही दिवे मंद, इंजिन रेस केल्यावर उजळतात : बॅटरी आणि चार्जिंग आधी तपासा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत.
• बल्ब वारंवार जातात : चार्जिंग व्होल्टेज १५ च्या वर जाते का ते पाहा. बल्बला सतत ५ टक्के जास्त व्होल्टेज मिळाले तरी त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते.

३. बल्ब काढून घेतलेले रीडिंग का फसवते

आता पाठाचा मुख्य भाग. समजा, एका गाडीचा डावा डिपर मंद आहे. विद्यार्थी कपलर काढतो, मल्टिमीटरचे दोन प्रोब कपलरच्या पिनांवर ठेवतो आणि १२.४ व्होल्ट वाचतो. ‘सप्लाय बरोबर आहे, बल्बच खराब’ असे म्हणून नवा बल्ब बसवतो. नवा बल्बही तितकाच मंद पेटतो. मग रिले बदलला जातो, मग स्विच. पैसे जातात, दोष जागेवरच राहतो.

चूक कुठे झाली ते ओहमच्या नियमाने पाहू. डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्टेज मोजतानाचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो. बल्ब काढल्यावर सर्किटमधून फक्त मीटरचा करंट वाहतो. तो १२.४ भागिले १ कोटी, म्हणजे जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर. वाटेत गंजलेला जोड असेल आणि त्याचा रोध ०.६ ओहम असेल, तर त्यावर पडणारे व्होल्टेज एक मायक्रोव्होल्टहूनही कमी. मीटरला ते दिसणे शक्य नाही. बल्ब लावला की त्याच जोडातून चार अँपिअर वाहू लागतात आणि तिथे जवळजवळ अडीच व्होल्ट पडतात. जोड तोच आहे, फक्त करंट लाखो पटींनी वाढला.

ओहमच्या रेंजवर वायर तपासूनही हा दोष सहसा सापडत नाही. एकतर साध्या मीटरच्या दोन लीडचाच रोध ०.२ ते ०.३ ओहमपर्यंत असू शकतो. दुसरे, मीटर या रेंजवर फारच थोडा करंट सोडतो. अनेक तारांच्या वायरमधल्या बहुतेक तारा तुटून एक-दोनच उरल्या असल्या, तरी कंटिन्युइटीचा बझर खुशाल वाजतो.

म्हणून नियम असा : दिवा जोडलेला आणि पेटलेला असतानाच मोजा. करंट वाहत असेल तरच रोध व्होल्टेजच्या रूपाने समोर येतो.

४. व्होल्टेज ड्रॉप मोजण्याची पद्धत

किरखॉफचा व्होल्टेजचा नियम आठवा. बॅटरीचे सगळे व्होल्ट सर्किटमध्ये कुठे ना कुठे पडलेच पाहिजेत. ते बल्बवर पडले तर प्रकाश मिळतो. वायर किंवा जोडावर पडले तर फक्त उष्णता. बल्बला कमी मिळालेले व्होल्ट कुठे गेले, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

मीटर २० व्होल्ट डीसी रेंजवर ठेवा, डिपर चालू करा आणि कपलर न काढता त्याच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब पिनेला टेकवा. मग चार मोजमापे घ्या.

पहिले : बॅटरीच्या दोन टोकांमध्ये. समजा १२.४ व्होल्ट.
दुसरे : बल्बच्या डिपरची पिन आणि अर्थची पिन यांमध्ये. समजा ९.६ व्होल्ट.
तिसरे : बॅटरीचे धन टोक आणि बल्बची डिपरची पिन यांमध्ये. समजा ०.३ व्होल्ट.
चौथे : बल्बची अर्थची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये. समजा २.५ व्होल्ट.

आता ताळा करा : ९.६ अधिक ०.३ अधिक २.५ म्हणजे १२.४. बेरीज जुळली, म्हणजे मोजमाप बरोबर आहे. जुळली नाही तर प्रोब नीट टेकला नव्हता किंवा मधल्या काळात बॅटरीचे व्होल्टेज बदलले. पुन्हा मोजा.

हे २.५ व्होल्ट मोठे आहेत हे कशावरून ठरवायचे? वर्कशॉपमधले ठोकताळे असे : एका चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडू नये, संपूर्ण अर्थ बाजूवर ०.२ च्या आसपास आणि फ्यूज, रिले, वायर धरून संपूर्ण धन बाजूवर ०.५ पर्यंत चालते. वायरचा हिशेब स्वतः करून पाहा. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या ३ मीटर वायरचा रोध सुमारे ०.०३५ ओहम असतो. त्यातून ४.६ अँपिअर वाहिले तर फक्त ०.१६ व्होल्ट पडतात. म्हणजे वायर धडधाकट असेल तर तिच्यावर अडीच व्होल्ट पडूच शकत नाहीत.

दोष अर्थच्या बाजूला आहे हे ठरले. आता त्या बाजूचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना प्रोब ठेवा :

• बल्बची पिन ते अर्थच्या वायरचा रिंग टर्मिनल : ०.१ व्होल्ट
• रिंग टर्मिनल ते बॉडीचा उघडा पत्रा : २.३ व्होल्ट
• बॉडी ते बॅटरीचे ऋण टोक : ०.१ व्होल्ट

एक बोल्ट आणि त्याखालचा पत्रा, एवढ्यावर दोष येऊन थांबला. गंजामुळे किंवा रंगाच्या थरामुळे तिथला स्पर्श बिघडला आहे. फिलॅमेंट थोडे थंड असल्याने या वेळी करंट सुमारे ४.१ अँपिअर धरू. मग जोडाचा रोध २.३ भागिले ४.१, सुमारे ०.५६ ओहम. तिथे वाया जाणारी शक्ती २.३ गुणिले ४.१, म्हणजे ९ वॅटहून जास्त. एवढ्याशा जोडाला हात लावला तर तो गरम लागतो. उष्णतेने गंज वाढतो, गंजाने रोध वाढतो, रोधाने आणखी उष्णता. असा दोष आपोआप बरा होत नाही, तो वाढतच जातो.

बोल्ट काढून, टर्मिनल आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून, घट्ट आवळून वरून ग्रीसचा पातळ थर दिला की ड्रॉप ०.०५ व्होल्टपर्यंत उतरतो आणि बल्बला सुमारे ११.९ व्होल्ट मिळतात. फिलॅमेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्या हिशेबाने ९.६ व्होल्टला मिळणारा प्रकाश ११.९ व्होल्टच्या प्रकाशाच्या निम्म्यापेक्षाही थोडा कमी होता. व्होल्टेज एक पंचमांशाने घटले आणि प्रकाश अर्ध्याहून जास्त गेला. थोड्या व्होल्टकडे दुर्लक्ष का करू नये, याचे उत्तर या एका घातांकात आहे.

उलट, बल्बवर पुरेसे व्होल्टेज मिळत असून दिवा मंद असेल, तर विद्युत दोष शोधत बसू नका. काच काळवंडलेला जुना बल्ब, काळा पडलेला रिफ्लेक्टर किंवा उन्हाने पिवळी पडलेली पॉलिकार्बोनेटची लेन्स हे कारण असते.

५. एक चकवणारा दोष : करंटचा उलटा रस्ता

डिपर लावला की डावा दिवा अगदी मंद पेटतो, उजव्याचा डिपर नीट पेटतो आणि डॅशबोर्डवर अपरचा निळा दिवाही मिणमिणतो. पाहणाऱ्याला वाटते स्विच बिघडला. प्रत्यक्षात डाव्या दिव्याचा अर्थ पूर्ण तुटलेला असतो.

कागदावर सर्किट काढा आणि करंटबरोबर चाला. डाव्या डिपरच्या फिलॅमेंटमधून करंट सामाईक पिनेवर आला. पुढे अर्थ नाही. पण त्याच पिनेला डावे अपरचे फिलॅमेंट जोडलेले आहे. करंट त्यातून उलटा अपरच्या लाइनवर चढतो, तिथून उजव्या दिव्याच्या अपरच्या फिलॅमेंटमध्ये जातो आणि उजव्या बाजूच्या चांगल्या अर्थमधून बाहेर पडतो. म्हणजे तीन फिलॅमेंट एकसर जोडणीत आली. तापलेले रोध धरले तर २.६, २.४ आणि २.४ मिळून ७.४ ओहम, करंट सुमारे १.६ अँपिअर. फिलॅमेंट पूर्ण तापत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात करंट यापेक्षा थोडा जास्त असतो. अपरच्या लाइनवर साधारण एक तृतीयांश व्होल्टेज येते, त्यावर निळा दिवा मिणमिणतो.

स्विच न बदलता सामाईक पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा ड्रॉप मोजा. तिथे ०.२ ऐवजी ७-८ व्होल्ट दिसले की निदान झाले. जे दिवे एकमेकांशी संबंध नसताना एकत्र पेटतात, तिथे अर्थवर पहिला संशय घ्या.

एक सावधगिरी : काही जपानी रचनेच्या गाड्यांत सामाईक पिनेला धन सप्लाय असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. अशा गाडीत दिवा बंद असतानाही बल्बच्या पिनांवर १२ व्होल्ट दिसू शकतात. डायग्राम न पाहता मोजलेले रीडिंग इथे पूर्ण दिशाभूल करते.

६. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर

पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा. उडालेल्या १५ च्या जागी २० चा फ्यूज, तांब्याची तार किंवा चॉकलेटची चांदी लावणे म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणे. आग लागते ती अशाच ठिकाणी.

शॉर्ट शोधण्यासाठी फ्यूज काढा आणि त्या जागी १२ व्होल्ट, २१ वॅटचा एक बल्ब वायरने जोडा. दोन्ही हेडलॅम्पचे कपलर काढून ठेवा आणि स्विच चालू करा. भारच जोडलेला नाही, त्यामुळे बल्ब पेटता कामा नये. तो पूर्ण तेजाने पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. हा बल्ब करंट सुमारे पावणेदोन अँपिअरवर रोखतो, म्हणून वायर जळत नाही. आता एकेक जोड सोडत जा आणि वायरिंग हलवून पाहा. बल्ब विझला, ती दोषाची जागा.

याच संदर्भात जास्त वॅटच्या बल्बचा विचार करा. जास्त उजेडासाठी १००/९० वॅटचे बल्ब बसवले जातात. डिपरचा करंट ४.६ वरून ७.५ अँपिअर होतो. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे २.७ पट. ५५ वॅटसाठी बनवलेला कपलर वितळलेला दिसतो तो यामुळे.

७. पावसाळा, खारी हवा आणि अधूनमधून येणारे दोष

मुंबई, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम अशा किनाऱ्यावरच्या शहरांत खारट दमट हवेने तांबे आणि पितळ लवकर हिरवे पडते. कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट पूड दिसली तर नुसता काँटॅक्ट क्लीनर मारून थांबू नका. पिनेची पकड ढिली झाली आहे का ते पाहा आणि कपलरचे रबर सील बदला.

दोष खड्ड्यात गाडी आदळल्यावरच येत असेल तर मीटरवरची मिनिमम-मॅक्सिमम नोंद चालू करा आणि दिवा पेटलेला ठेवून वायरिंग फूटभराच्या टप्प्याने हलवत जा. ज्या टप्प्यावर ड्रॉप उसळी मारतो, तिथे थांबा.

८. सुरक्षितता

• रोध मोजण्याआधी आणि वायर जोडण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडा.
• व्होल्टेज मोजताना मीटर करंटच्या सॉकेटवर नाही ना, याची प्रत्येक वेळी खात्री करा.
• हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापून काच तिथे कमकुवत होते.
• एचआयडी दिव्यात पेटताना २०,००० व्होल्टच्या वरचे स्पंद तयार होतात. प्रशिक्षणाशिवाय त्याला हात लावू नका.
• एलईडी दिवे आणि कंट्रोल मॉड्यूल असलेल्या गाडीत बल्बचा टेस्ट लॅम्प वापरू नका, वायरचे आवरण टोचू नका. तिथे मल्टिमीटर आणि स्कॅन टूल वापरा. सप्लाय आणि अर्थचा ड्रॉप मात्र तिथेही याच पद्धतीने मोजतात.

सारांश

लक्षणावरून क्षेत्र ठरवा. दिवा पेटलेला ठेवून बॅटरी, बल्ब, धन बाजू आणि अर्थ बाजू अशी चार रीडिंग घ्या आणि बेरजेचा ताळा करा. ज्या बाजूला जास्त व्होल्ट पडले, तिचे तुकडे पाडत जोडापर्यंत पोहोचा. दुरुस्तीनंतर तीच चार रीडिंग पुन्हा घेऊन वहीत लिहा. सुटा भाग बदलण्याचा निर्णय या आकड्यांनंतर घ्या.

स्वाध्याय

१. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, बल्बवर १०.४ व्होल्ट आणि अर्थ बाजूचा ड्रॉप ०.१ व्होल्ट आहे. धन बाजूचा ड्रॉप किती? पुढचे मोजमाप कोणत्या दोन बिंदूंमध्ये घ्याल?
२. रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये दिवा चालू असताना १.८ व्होल्ट मिळाले, रिलेचा आवाजही येतो. दोष कशात आहे? करंट ४.२ अँपिअर असेल तर काँटॅक्टचा रोध आणि तिथली उष्णता काढा.
३. कलम ५ मधील दोषात गाडीला अपरचा निळा दिवाच नाही असे समजा. निदान करण्यासाठी तुम्ही कोणते लक्षण पाहाल?
४. घरच्या किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या गाडीवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, डाव्या आणि उजव्या डिपरची चार-चार रीडिंग घ्या आणि दोन्ही बाजूंची तुलना करा.